वास लिंबाचा, काम मात्र लिंबाचे नाही

मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपल्यावर आम्ही काही बायका विहाराच्या ओट्यावर बसलो होतो. एका मावशींनी पिशवीतून चकचकीत पाकीट काढले. त्यांचा भाचा ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला नोकरीला आहे. सुट्टीत आला तेव्हा त्याने ते आणले होते. पाकिटावर सगळे इंग्रजीत. आत फिकट हिरव्या पानांचा सुका चुरा. पाकीट उघडले आणि ओटाभर लिंबाचा वास सुटला.

"जयभीम ताई, हे जरा वाचून सांगा," मावशी म्हणाल्या. "भाचा म्हणतो चहा करून प्या. शेजारीण म्हणते याने शुगर उतरते, गोळी बंद केली तरी चालते. सून म्हणते लिंबाचेच आहे, नातवाला जुलाब झाले की देऊ. खरे काय धरायचे?"

मावशींना पाच वर्षांपासून मधुमेह आहे. त्यामुळे हा प्रश्न नुसता चवीचा राहिला नाही. एका पाकिटापायी गोळी बंद झाली असती, किंवा जुलाबाने गळालेल्या लेकराला योग्य औषधाऐवजी हे पाणी पाजले गेले असते. आता बऱ्याच घरांतली मुले परदेशी शिकायला, कामाला जातात आणि अशी पाकिटे घरी येतात. म्हणून हे पान काय आहे, त्याचे पेय घरी कसे करायचे आणि त्याच्याकडून कशाची अपेक्षा ठेवायची नाही, हे या पानावर सविस्तर सांगते.

हे झाड कोणते?

या पानाचे नाव लेमन मर्टल. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला क्वीन्सलँड नावाचे राज्य आहे. त्याच्या किनारपट्टीच्या पावसाळी जंगलात, मॅकेपासून ब्रिस्बेनपर्यंतच्या पट्ट्यात, हे झाड आपोआप उगवते. जंगलात ते ६० फुटांपर्यंत वाढू शकते. मळ्यात मात्र पाने तोडायला सोपे जावे म्हणून त्याची छाटणी करून झुडपासारखे ठेवतात. पान लांबट, टोकदार, बोटभर लांबीचे असते. फुले पांढरट, झुबक्यांनी येणारी.

झाड परके असले तरी त्याचे गोत आपल्या ओळखीचे आहे. जांभूळ, पेरू, लवंग आणि नीलगिरी ज्या कुळातली, त्याच कुळातले हे झाड. या कुळातल्या झाडांच्या पानांत तेलाच्या बारीक बारीक पिशव्या असतात. पेरूचे पान चुरगळले की वास येतो ना, तो त्याच तेलाचा. लेमन मर्टलच्या पानात हे तेल भरपूर असते आणि त्याला लिंबाचा वास असतो.

१८५९ साली फर्डिनांड फॉन म्युलर या वनस्पतिशास्त्रज्ञाने या झाडाला शास्त्रीय नाव दिले. ते नाव बॅकहाउसिया सिट्रिओडोरा. त्यातला पहिला शब्द जेम्स बॅकहाउस या इंग्रज प्रवाशाच्या आठवणीसाठी, तर दुसऱ्याचा अर्थ लिंबाच्या वासाचे. पण नाव १८५९ साली दिले म्हणून झाड तेव्हा सापडले असे नाही. त्या भूमीतले मूळ रहिवासी, ज्यांना आदिवासी म्हणजे ॲबोरिजिनल म्हणतात, ते हजारो वर्षांपासून तिथल्या झाडापाल्याचा खाण्यात आणि औषधात उपयोग करत आले आहेत. कोणते पान खायचे, कोणते नाही, कोणत्या पानाने मासळी रांधायची, हे ज्ञान त्यांच्या आजी-आईकडून लेकीसुनांकडे येत राहिले. ते कागदावर नव्हते म्हणून त्याला ज्ञान मानले गेले नाही.

ही माणसे स्वतःच्या देशात किती बाजूला टाकली गेली होती, ते एका गोष्टीवरून कळेल. लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांना धरायचे नाही, असे कलमच ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत होते. १९६७ साली सार्वमत झाले, ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी बदलाच्या बाजूने मत दिले आणि ते कलम निघाले. आज लेमन मर्टलचे मोठे मळे आहेत. त्याचा चहा, बिस्किटे, साबण देशोदेशी विकले जातात. पण या धंद्यात मूळ रहिवाशांच्या मालकीचा वाटा फारच थोडा आहे. अलीकडे त्यांच्यातल्या काहींनी स्वतःचे मळे आणि स्वतःचे उद्योग उभे केले आहेत. भाच्याला पुढच्या वेळी पाकीट आणायचेच असेल तर अशांच्या दुकानातून आण, असे जरूर सांगावे.

वास कुठून येतो?

लिंबात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक आंबटपणा आणि दुसरा वास. आंबटपणा रसातल्या आम्लामुळे येतो. वास सालीतल्या तेलामुळे येतो. आपल्याला दोन्ही एकदम मिळतात म्हणून ती एकच गोष्ट आहे असे वाटते.

लेमन मर्टलच्या पानात फक्त वास आहे, आंबटपणा नाही. त्याच्या तेलात सिट्राल नावाचे द्रव्य ९० टक्क्यांहून जास्त असते. तेच द्रव्य आपल्या गवती चहाच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के असते. खुद्द लिंबाच्या सालीच्या तेलात ते जेमतेम दोन-चार टक्के असते. म्हणूनच हे पान हुंगले की लिंबापेक्षाही लिंबाचा वास जास्त येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रेलियात लिंबाच्या अर्काचा तुटवडा पडला, तेव्हा शीतपेयाला लिंबाची चव देण्यासाठी याच झाडाचा उपयोग केला गेला.

हा फरक ध्यानात ठेवला की पुढचे सगळे सोपे होते. पान दुधात घातले तर दूध फाटणार नाही, कारण त्यात लिंबाचे आम्ल नाही. पण पान घातलेल्या पाण्यातून लिंबू पाणी प्यायल्याचा फायदाही मिळणार नाही, कारण त्यात लिंबाचा रस नाही.

घरी पेय कसे करायचे?

आधी पाकीट इंग्रजी वाचणाऱ्या मुलामुलीकडून वाचून घ्या. त्यात नुसते लेमन मर्टल आहे की चहाची पत्ती मिसळली आहे ते पाहा. नुसत्या पानात चहासारखी तरतरी आणणारे द्रव्य नसते, त्यामुळे ते रात्री प्यायले तरी झोप उडत नाही. पत्ती मिसळलेली असेल तर तो चहाच समजा.

एक मुख्य नियम सांगते. हे पान चहापत्तीसारखे खळखळ उकळायचे नाही. त्याचा वास वाफेबरोबर उडून जातो आणि मागे नीलगिरीसारखा उग्र, कडवट स्वाद राहतो. पाणी आधी उकळायचे, गॅस बंद करायचा, मग पान घालायचे आणि वर झाकण ठेवायचे.

*साधे गरम पेय.* एक कप पाणी चांगले उकळा. गॅस बंद करून अर्धा लहान चमचा चुरा घाला. झाकण ठेवून चार-पाच मिनिटे थांबा आणि गाळा. आले हवे असेल तर ते पाण्याबरोबर आधीच उकळून घ्या. ताजी पाने असतील तर दोन-तीन पाने हाताने फाडून घाला. पहिल्यांदा साखर न घालता चव घेऊन पाहा.

*दुधाचा चहा.* नेहमीसारखा चहा करा. पत्ती थोडी कमी घाला. गॅस बंद केल्यावर एका कपाला पाव लहान चमचा चुरा टाका, झाकून तीन मिनिटे ठेवा, गाळून घ्या. गवती चहा घातलेल्या चहासारखाच वास येतो, थोडा जास्त तीव्र. नुसत्या गरम दुधातही असेच घालता येते.

*थंड पेय.* एक लिटर पाणी उकळून गॅस बंद करा. दोन लहान चमचे चुरा घालून झाकून ठेवा. पाच-सात मिनिटांनी गाळून त्याच स्वच्छ भांड्यात झाकून गार करा. पिताना ग्लासात अर्धे लिंबू पिळा आणि चिमूटभर मीठ घाला. वास पानाचा, आंबटपणा लिंबाचा. उन्हातून आलेल्या माणसाला हे फार बरे वाटते.

*सरबत.* वर सांगितलेल्या एक लिटर पाण्यात दोन लिंबांचा रस, चार लहान चमचे साखर आणि चवीपुरते मीठ. एरवी एक लिटर लिंबू सरबताला आपण दहा-बारा चमचे साखर घालतो. पानाचा वास असला की चार चमच्यांतही सरबत पाणचट लागत नाही. साखरेऐवजी गूळ घातला तरी मधुमेहाच्या माणसासाठी ती साखरच, हे विसरू नका.

थंड पेय करताना तीन गोष्टी पाळा. पहिली, पाणी उकळलेलेच हवे. ऑस्ट्रेलियात काही लोक थंड पाण्यात पान रात्रभर भिजत ठेवतात किंवा बरणी उन्हात ठेवतात. आपल्याकडे नळ दिवसातून एकदा येतो, पाणी पिंपात साठवावे लागते, पाइप कधी गटाराजवळून जातो. अशा पाण्यात रोगजंतू असू शकतात. उन्हाच्या कोमट पाण्यात ते मरत नाहीत, उलट वाढतात. दुसरी, गाडीवरचा बर्फ घालू नका. तो कोणत्या पाण्याचा आहे ते आपल्याला माहीत नसते. गार करायचे असेल तर बंद भांडे माठाच्या पाण्यात ठेवा. तिसरी, केलेले पेय त्याच दिवशी संपवा. लिंबू पिळलेले सरबत ॲल्युमिनियमच्या किंवा बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात ठेवू नका. स्टीलचे भांडे घ्या.

उरलेला चुरा घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून दूर ठेवा. पावसाळ्यात त्याला ओल लागली, गुठळ्या झाल्या किंवा कुबट वास आला तर फेकून द्या. महागाचे आहे म्हणून बुरशी आलेले पान पोटात घालू नये.

मावशींच्या प्रश्नांची उत्तरे

*याने शुगर उतरते का?* नाही. या पेयाने मधुमेह बरा होतो किंवा गोळीची गरज उरत नाही, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नका. पानाच्या तेलाने प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जंतू मरतात, हे खरे आहे. पण बशीत जे घडते ते माणसाच्या अंगात एक कप पाण्याने घडते असे नाही. मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन मनाने बंद केले तर साखर एकदम वाढू शकते. डोळे, किडनी, पाय यांचे नुकसान हळूहळू होत राहते आणि बऱ्याच वेळा उशिरा कळते. गोळी कमी करायची की नाही, ते रक्त तपासून डॉक्टर ठरवतील. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

*जुलाब झाल्यावर चालेल का?* औषध म्हणून नाही. जुलाबात अंगातले पाणी आणि क्षार निघून जातात. ते भरून काढायला ओआरएस लागते. एक मोठे पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायचे आणि थोडे थोडे पाजत राहायचे. पाकीट अर्धे करून अंदाजाने पाणी घालू नका. आशाताईंकडे ते मिळते, लहान मुलासाठी झिंकच्या गोळ्याही मिळतात. पाकीट हाताशी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालून तेवढ्यापुरते काम भागवा. शौचात रक्त, डोळे खोल जाणे, लघवी न होणे, मूल मलूल पडणे किंवा पाणीही न पिणे, यातले एक जरी दिसले तरी घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

*लिंबाचेच आहे ना?* वास लिंबाचा आहे, पण हे लिंबू नाही. आपल्या घरातल्या कितीतरी बायकांना रक्त कमी आहे. पालेभाजी, डाळ, बाजरी यांतले लोह अंगी लागायला लिंबातले क जीवनसत्त्व मदत करते. म्हणून जेवणावर लिंबू पिळायचेच. या पानाचे पेय त्याची जागा घेऊ शकत नाही. आणि चहा तर जेवणाला लागून कधीच पिऊ नये. चहापत्तीतला तुरट भाग अन्नातले लोह अडवतो. जेवणानंतर निदान एक तास जाऊ द्यावा.

*कोणाला देऊ नये?* सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीच देऊ नये, पाणीसुद्धा नाही. मग हे पेय तर नाहीच. गरोदर बाईने किंवा रोज बरीच औषधे घेणाऱ्याने हे नेमाने सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना पाकीट दाखवावे. प्यायल्यावर कोणाच्या अंगाला खाज सुटली, ओठ सुजले, तर पुन्हा घेऊ नये.

बाटलीतले तेल पिऊ नका

पाकिटातले पान वेगळे आणि बाटलीतले तेल वेगळे. परदेशातून लेमन मर्टलचे तेलही येते. ते खूप पाने गाळून काढलेला कडक अर्क असतो. तो पाण्यात, चहात, सरबतात थेंबभरसुद्धा घालायचा नाही. नुसते तेल कातडीवर लावले तरी आग होऊ शकते. ऑस्ट्रेलियातून येणारे टी ट्री तेल नावात चहा असला तरी प्यायचे नाही, ते पोटात गेले तर विषारी आहे. नीलगिरीचे तेलही तसेच, लहान मुलाने घोटभर प्यायले तर जीवावर बेतते. या बाटल्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा उंच फळीवर ठेवा.

आणखी एक गल्लत होते. ऑस्ट्रेलियातलेच लिंबाच्या वासाचे एक नीलगिरीचे झाड आपल्या देशात पुष्कळ ठिकाणी लावलेले आहे. त्याचे पान चुरगळले की लिंबाचा वास येतो. पण ते लेमन मर्टल नव्हे. त्याच्या तेलातले मुख्य द्रव्य वेगळे आहे, ते डास पळवायच्या औषधात वापरतात. रस्त्याकडेच्या झाडाची पाने तोडून, वास सारखा आहे म्हणून चहात घालू नका.

भाच्याला लेमन मर्टलचे रोप किंवा बी मात्र पाठवायला सांगू नका. मर्टलच्या कुळावर तांबेरा नावाचा बुरशीचा रोग पडतो. तो बाहेरून २०१० साली ऑस्ट्रेलियात शिरला आणि लेमन मर्टलच्या मळ्यांनाही त्याचा फटका बसला. तो रोग पेरू-जांभळाच्या कुळावर पडणारा आहे. सामानात गुपचूप आणलेल्या एका रोपाबरोबर असे रोग देश बदलतात. म्हणून परवानगीशिवाय रोपे आणायला बंदी आहे.

मग फायदा कशात आहे?

खरा फायदा साखर कमी करण्यात आहे. जरा हिशेब करू. आपल्याकडे चहा म्हणजे कपाला दोन चमचे साखर. दिवसाला चार कप धरले तर आठ चमचे. एक लहान चमचा ४ ग्रॅमचा धरला तरी ३२ ग्रॅम झाले. महिन्याला जवळपास १ किलो. एका माणसाची, तीही फक्त चहातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे की, वरून घातलेली साखर मोठ्या माणसाने दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, आणि २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवली तर जास्त चांगले. आपण चहातच ती हद्द ओलांडतो. बिस्किटे, शेव-पापडीबरोबरची कोल्ड्रिंक, लग्नातली जिलेबी तर अजून मोजलीच नाही.

बाजारातल्या गोड कोल्ड्रिंकमध्ये दर १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. म्हणजे २५० मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत सहा चमचे. मूल ती दोन मिनिटांत संपवते.

वासाचे पान इथे उपयोगी पडते. जिभेला नुसती गोडीच नाही, वासही लागतो. पेयाला चांगला वास असला की साखर कमी केलेली फार जाणवत नाही. साखर एकदम सोडायला जाल तर चार दिवसांत पुन्हा सुरू होईल. म्हणून दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा. महिन्याभरात जीभ वळते. मधुमेह असणाऱ्याने तर गोळी चालू ठेवून साखर सोडायची आहे, गोळी सोडून साखर चालू ठेवायची नाही.

पाकीट नसेल तर?

तर काहीच बिघडत नाही. लेमन मर्टल विकत घ्यायला पैसे खर्च करू नका. जे सिट्राल त्या पानात आहे, तेच आपल्या गवती चहात आहे. बाजारात दहा-वीस रुपयांत जुडी मिळते. घरी लावायचा तर मुळासकट एक काडी मागून आणा. फुटक्या बादलीला किंवा तेलाच्या डब्याला खाली भोके पाडा, माती भरा आणि दाराशी ऊन लागेल तिथे ठेवा. भांडी विसळलेले साबणाचे पाणी घालू नका. नाल्याकाठी उगवलेला गवती चहा तोडून आणू नका, तिथले पाणी घाण असते.

गवती चहाची पाती जाड असते, म्हणून ती थोडी उकळावी लागते. पाती दोनदा धुवा, बोटभर तुकडे करा, पाण्यात टाकून दोन-तीन मिनिटे उकळा आणि झाकून पाच मिनिटे ठेवा. एक लिटरला चार-पाच पाती पुरतात. पुढची कृती वर दिली तशीच, चहाची असो की सरबताची. पातीची कड धारदार असते, मुलांना कात्री द्या, हाताने ओढायला सांगू नका.

१४ एप्रिलला भर उन्हात मिरवणूक निघते. ठिकठिकाणी पाण्याचे, सरबताचे, अलीकडे कोल्ड्रिंकचेही वाटप होते. शंभर माणसांना २०० मिलिलिटर कोल्ड्रिंक दिले तर दोन किलोच्या वर साखर आपण आपल्याच माणसांना पाजतो. तेवढ्याच लोकांना गवती चहाचे लिंबू सरबत करायचे तर २० लिटर उकळलेले पाणी, दोन मोठ्या जुड्या, ४० लिंबे, ४०० ग्रॅमच्या आत साखर आणि चवीपुरते मीठ लागते. पाणी आदल्या रात्री उकळून झाकून ठेवा आणि लिंबू वाटपाच्या वेळी पिळा. मधुमेहाच्या मंडळींसाठी एक हंडा बिनसाखरेचा वेगळा ठेवा आणि त्यावर मोठ्या अक्षरात तसे लिहा. वाटणाऱ्या मुलांचे हात साबणाने धुतलेले असावेत आणि सरबत ओगराळ्याने काढावे, ग्लास हंड्यात बुडवू नये.

मावशींचे पाकीट अजून संपलेले नाही. संध्याकाळचा एक कप त्या त्याचा करतात, साखर न घालता. सकाळच्या चहात दोनऐवजी एक चमचा साखर आली आहे. गोळी चालू आहे. सुनेने आशाताईंकडून ओआरएसची दोन पाकिटे आणून डब्यात ठेवली आहेत. आणि भाच्याला फोनवर निरोप गेला आहे, "पान चांगले आहे बाबा, पण आता दुसरे पाकीट पाठवू नको. दारातला गवती चहा फुटला आहे."